बेलपाड्याचे एकेचाळीस प्रिय रुग्ण

सतरा वर्षं मी विश्राम डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शन सांभाळतेय. नंबर लावायचे, केसपेपर शोधायचे, रडणाऱ्या पोरांना गप्प करायचं आणि पोरांपेक्षा जास्त रडणाऱ्या बापांना पाणी द्यायचं, हे सगळं एका खुर्चीवरून कसं होतं ते डोंबिवली पूर्वेत कोणालाही विचारा. पण आज सांगतेय ते त्याहून मोठं काम आहे. बेलपाड्याच्या पेशंटांना मोबाइलवर मेसेज पाठवून तपासणीला आणायची अख्खी योजना माझी होती. कल्पना माझी, मजकूर माझा, टायपिंगही माझंच. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं श्रेयही दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालता येत नाही.

बेलपाडा खडवली स्टेशनपासून आत पाच-सहा किलोमीटरवर आहे. दर गुरुवारी डॉक्टर, मी आणि कंपाउंडर कुंडलिक असे तिघं डॉक्टरांच्या गाडीतून तिथे जातो. समाजमंदिराच्या खोलीत टेबल टाकून डॉक्टर संध्याकाळपर्यंत पेशंट तपासतात. नऊ वर्षं हे चाललंय. डॉक्टर आता अडुसष्टचे झाले आणि त्यांचे गुडघे त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे वाटतात, तरी गुरुवार कधी चुकला नाही.

आणि गेल्या गणपतीनंतर, परत येताना शहाडच्या पुलावर गाडी अडकलेली असताना, डॉक्टरांनी शांतपणे जाहीर केलं, "समीक्षा, हे आता थांबवू या."

"काय थांबवू या सर?"

"गुरुवार. लोक एकदा येतात, पंधरा दिवसांच्या गोळ्या नेतात आणि बरं वाटलं की गायब होतात. रक्तदाबाची गोळी म्हणजे काय सर्दीचं औषध आहे? नियमित यायला हवेत असे एकेचाळीस जण आहेत तिथे. आज किती आले? सात. अर्धवट औषध घेणाऱ्यांना औषध देणं हा मी माझा अपमान समजतो."

डॉक्टर रागावले की त्यांची भाषा पुस्तकातली होते, तेव्हा मध्ये बोलायचं नसतं.

"दिवाळीआधीच्या शेवटच्या गुरुवारी मी मोजणार," ते म्हणाले. "एकेचाळीसपैकी निम्मे, म्हणजे एकवीस आले तर चालू ठेवू. वीस आले तरी बंद."

बेलपाड्यात दुसरा डॉक्टर नाही. कल्याणला जायचं तर एका दिवसाची मजुरी जाते, म्हणून लोक जातच नाहीत. आणि खरं सांगायचं तर गुरुवार हा माझाही लाडका वार. तिथल्या बायका मला 'म्याडम' म्हणतात, माझ्यासाठी रानभाजी बांधून आणतात. डोंबिवलीत मला 'अहो, माझा नंबर कधी' याच नावाने ओळखतात.

"सर, मला दिवाळीपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. "हल्ली सगळं मोबाइलवर चालतं. आपल्या कॉम्प्युटरमध्ये मेसेजची सोय आहे, आपण वापरत नाही एवढंच. मी एकूण एक माणूस हजर करून दाखवते."

"ताई, बोलताना मध्ये एकदा श्वास घ्यावा," मागच्या सीटवरून कुंडलिक म्हणाला. साठीला आलाय, पण दुसऱ्याच्या उत्साहावर गार पाणी ओतायचं त्याचं काम अजून जोमाने चालू आहे.

पुढच्या दोन-तीन गुरुवारी मी मोबाइल नंबर गोळा केले. कॉम्प्युटरमध्ये नंबराशिवाय पेशंटचं नाव पुढे सरकतच नव्हतं, म्हणून जे तपासणीला आले नाहीत त्यांनाही घरून बोलावून आणलं. माझ्या पद्धतीने एकदाच सगळ्यांना सांगितलं, "हे बघा, नंबर कोणाचाही द्या, पण द्या. दहा आकडी पाहिजे. विचार करत बसू नका, मागे रांग आहे."

लोकांनी पटापट दिले. सर्वांत आधी गंगुबाई. वय सत्तर, शुगरची पेशंट, अक्षर ओळखत नाही. पण दहा आकडे घडाघडा म्हणून दाखवले. मी कौतुकाने बघतच राहिले. मला माझ्या नवऱ्याचा नंबर पाठ नाही. इतरांनीही फार वेळ घेतला नाही. जो तो दाराबाहेर लांब कुठेतरी बघायचा आणि नंबर सांगायचा. काही आठवायचं असलं की माणूस लांब बघतोच, त्यात मला वावगं काही वाटलं नाही.

ते नंबर कॉम्प्युटरमध्ये घालताना तर मजाच झाली. पहिले तीन आकडे टाकले की उरलेले सात आकडे कॉम्प्युटर आपणहून भरायचा. मी नुसतं बटण दाबायचं. एकेचाळीस नंबर वीस मिनिटांत आत. मी कुंडलिकला बोलावून दाखवलं.

"बघ, किती हुशार आहे. माणसाच्या मनातलं ओळखतो."

"त्याला आधीच कसं कळतं?" कुंडलिकने विचारलं.

"तंत्रज्ञान," मी म्हटलं. आपल्याला माहीत नसलं की हा शब्द फार उपयोगी पडतो.

मेसेजचा मजकूर लिहिताना डॉक्टरांनी एकच अट घातली. "नाव घालायचं नाही. फोन घरात कोणाच्याही हातात असतो. आजार ज्याचा त्याच्यापाशी राहिला पाहिजे." म्हणून मी नावाच्या जागी 'प्रिय रुग्ण' असं घातलं. प्रिय रुग्ण, आपली तब्येत कशी आहे? औषधे सुरू आहेत का? बरे असल्यास १ पाठवा, त्रास असल्यास २ पाठवा, डॉक्टरांशी बोलायचे असल्यास ३ पाठवा. वाचून मलाच बरं वाटलं. सतरा वर्षांत मी कोणाला 'प्रिय' म्हटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता एकेचाळीस मेसेज सुटले. नऊ वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर एकेचाळीस नावांपुढे हिरव्या खुणा उमटल्या. सगळ्यांचं उत्तर एक. बरे आहोत.

मी धावत डॉक्टरांच्या खोलीत गेले. आत एका बाईंचा घसा तपासणं चालू होतं. त्या आ वासून बसलेल्या असतानाच मी सांगितलं, "सर, शंभर टक्के."

डॉक्टर खूश झाले. दुपारी त्यांनी ठाण्याच्या दोन डॉक्टर मित्रांना फोन करून सांगितलं, "आमच्याकडे शंभर टक्के प्रतिसाद आहे. तुमच्याकडे किती?" कुंडलिकने मात्र पडद्याकडे बघून डोकं खाजवलं.

"ताई, एवढे सगळे लोक एकाच वेळी मोकळे कसे?"

"शिस्त," मी म्हटलं.

गुरुवारी आम्ही बेलपाड्याला गेलो. सहा जण आले. पुढच्या सोमवारी पुन्हा एकेचाळीस हिरव्या खुणा, गुरुवारी आठ माणसं. तिसऱ्या सोमवारी पुन्हा एकेचाळीस, गुरुवारी पाच. समाजमंदिराच्या समोरच पिठाची गिरणी आहे. त्या गिरणीचे मालक गुणाजी तेवढे तिन्ही गुरुवारी दारात येऊन डॉक्टरांना हात जोडून गेले. पंचेचाळिशीचा धट्टाकट्टा माणूस, भुवयांवर कायम पीठ. आमचे पेशंट नव्हते. पण दर वेळी म्हणायचे, "डॉक्टर, मी बरा हाय बरा का. काळजी करू नका."

"छान," डॉक्टर म्हणायचे. आम्हाला वाटायचं, माणूस किती सभ्य.

तिसऱ्या गुरुवारी गाडीत बसल्यावर डॉक्टरांची भाषा पुन्हा पुस्तकातली झाली. "उत्तरं एकेचाळीस आणि माणसं पाच. हे गणित मला उमगत नाही."

"सर, ते बरे आहेत ना, म्हणून येत नाहीत."

"रक्तदाब बरा होत नसतो, समीक्षा. तो गप्प बसलेला असतो. पुढचा गुरुवार शेवटचा आहे, लक्षात ठेव."

त्या दिवशी घरी जाऊन मी भात करपवला. पुढच्या गुरुवारी एकवीस माणसं कुठून आणायची, दुसरं काही सुचत नव्हतं. शनिवारी कुंडलिकने प्रथमच उपयोगी सल्ला दिला. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

"ताई, तुमचा मेसेज फार गोड आहे. त्यात भीती नाही. भीती वाटल्याशिवाय आपलं माणूस दवाखान्यात येतं का?"

मग मी प्रत्येक आजाराचा वेगळा मेसेज लिहिला, खाली उत्तरासाठी तेच १, २, ३ ठेवले. शुगरचे सतरा, बीपीचे चौदा, थायरॉइडचे चार, गुडघ्याचे तीन, जुना खोकला एक आणि गरोदर बायका दोन. शुगरवाल्यांना डोळे, पाय आणि मूत्रपिंड जाण्याची सूचना दिली. बीपीवाल्यांना लकव्याची. खोकल्याला नुसतंच 'दुर्लक्ष केल्यास पश्चात्ताप होईल' असं लिहिलं. गरोदर बायकांना कोण घाबरवणार, म्हणून तिथे पुन्हा गोड झाले. प्रिय रुग्ण, आपल्याला सहावा महिना लागला आहे, लोहाच्या गोळ्या घ्या, आनंदी राहा. दुसरीला आठवा.

सोमवारी नऊ वाजता पाठवले. मी पडद्यासमोर बसून राहिले. सव्वानऊपर्यंत काहीच नाही. नऊ वीसला एकेचाळीस नावांपुढे लाल खुणा आल्या. उत्तर दोन. त्रास होतोय. मी खुर्चीतून उठेपर्यंत सगळ्या लाल खुणांचा आकडा बदलला. तीन. डॉक्टरांशी बोलायचंय.

एका गावात, एका मिनिटात, एकेचाळीस माणसं आजारी पडली होती.

"पाण्यातून काहीतरी गेलं असणार," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "किंवा कुठे लग्नकार्यात जेवले असतील. लाव, फोन लाव."

कॉम्प्युटरमधली यादी माझ्या मोबाइलवरही उघडते, नावावर बोट ठेवलं की फोन लागतो. गंगुबाईंना लावला, व्यस्त. दुसरा लावला, व्यस्त. तिसरा, चौथा, नववा, सगळे व्यस्त. अख्खं गाव एकाच वेळी कोणाला फोन करत होतं देव जाणे. त्यात टेबलावरचा दवाखान्याचा फोन सारखा घणघणत होता. शेवटी मी तो उचलला.

"म्याडम, मी बेलपाड्यावरून गुणाजी, गिरणीवाला. मना जरा डॉक्टरशी..."

"गुणाजीभाऊ, फोन ठेवा. तुमच्या गावात साथ आलीय आणि तुम्ही लाइन अडवून बसलाय."

"साथ पन हाय?" पलीकडून खोल गेलेला आवाज आला.

"हो. आणि तुम्ही आमचे पेशंट नाही. तुम्ही बरे आहात, तुम्हीच सांगता ना दर वेळी? मग आधी आजारी लोकांना बोलू द्या." मी फोन आपटला आणि दहावं नाव लावलं. व्यस्त. त्यात फोन पुन्हा घणघणला. पुन्हा गुणाजी. पुन्हा आपटला.

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. बाकावर बसलेल्या बारा पेशंटांना सांगितलं, "बेलपाड्याला साथ आहे, मला गेलं पाहिजे." बारातल्या अकरा जणांना बेलपाडा कुठे आहे माहीत नव्हतं. पण साथ आहे एवढं कळलं. आम्ही सलाइनच्या बाटल्या आणि जलसंजीवनीची दोन खोकी गाडीत भरून निघालो, तोवर आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी उकळायला लागलं होतं आणि खालच्या मेडिकलमधलं उलटी-जुलाबाचं औषध संपलं होतं.

कल्याण, टिटवाळा, खडवली. डॉक्टर स्टिअरिंगला धरून पुढे वाकून बसले होते. माझ्या डोळ्यांसमोर गंगुबाई येत होती, तिने मागच्या गुरुवारी दिलेली करटोली येत होती. म्हातारीला काही झालं तर मी ते मेसेजचं बटण कधी विसरू शकले नसते.

बेलपाड्यात शिरलो तर अख्खं गाव गिरणीसमोर. एकेचाळीसच काय, दीडशे माणसं असतील. प्रत्येकाच्या हातात दळणाचा डबा. सगळे दोन पायांवर नीट उभे होते. गंगुबाई तेवढी सगळ्यात पुढे, डब्यावर बसून पान खात होती. आजारी माणूस एकच दिसत होता. गिरणीच्या दारात खाटेवर गुणाजी आडवे पडले होते, कपाळावर ओली घडी. गिरणी बंद. दिवाळीच्या आठवड्यात, चकलीच्या भाजणीच्या ऐन दिवसांत, गिरणी बंद! खाटेच्या पायाशी त्यांची बायको नयनवहिनी बसली होती. तिच्या शेजारी भरलेली पिशवी होती आणि तिने नवऱ्याकडे पाठ केली होती.

डॉक्टर धावले. नाडी बघितली, छातीला नळी लावली. "गुणाजी, काय होतंय तुम्हाला?"

"काय होत नाय तेच इचारा," गुणाजी डोळे मिटूनच म्हणाले. "शुगर हाय. सतरा वेळा लिवलाय, म्हंजे भरपूरच असंल. बीपी हाय चौदा वेळा. थायराट काय असतो मना ठाव नाय, पन तो चार हायेत. डोळे जानार, पाय जानार, लकवा येनार. तीन सोमवार तुमी इचारलात कसा हाय, मी एकशे तेवीस वेळा लिवला बरा हाय. यका मेसेजला यक उत्तर, कटाळा नाय केला. डॉक्टर यवढ्या मायेनं इचारतात, मंग उत्तर नको द्याया? आनि आज ह्यो निकाल आला."

"पण तुमची तपासणी कोणी केली?"

"मागं शिबिरात रक्त दिल्ता मी. त्यात गावला असंल ना."

"मग मना सांग," नयनवहिनी पाठ तशीच ठेवून म्हणाली, "सहावा महिना कोनाला लागला? आनि आठवा कोनाला? दोन दोन मेसेज हायेत. मी म्हाएराला चाललूय डॉक्टर. तुमी तपासा तुमच्या पेशंटला."

"अगं, मना कसा ठाव?" गुणाजी कळवळून म्हणाले. "तो पन मलाच लागलाय असा वाटला मना. यवढा सगळा झालाय, तं तो काय जड हाय?"

डॉक्टर सावकाश उभे राहिले. "समीक्षा, यादी दाखव."

मी मोबाइलवर यादी उघडली. नावं न वाचता पहिल्यांदा नंबर वाचले. एकेचाळीस ओळी, एकेचाळीस नावं, आणि वरून खालपर्यंत एकच नंबर. त्या नंबरवरून एक उत्तर आलं की एकेचाळीसही खुणा एकदम बदलत होत्या. मान वर केली. गिरणीच्या पांढऱ्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याएवढ्या लाल आकड्यांत, तोच नंबर रंगवलेला होता. समाजमंदिराच्या दारातून तो अगदी स्वच्छ दिसतो. नऊ वर्षं दिसत होता.

"गंगुबाई," मी कसंबसं विचारलं, "तुम्ही गुणाजीभाऊंचा नंबर का दिलात?"

"तूच बोल्लीस ना कोनाचा पन द्या. पोराचा फोन पोरगा कामाला नेतो, तो महिन्याला सिम बदलतो. गुनाजीचा नंबर पंधरा वर्सं ह्योच हाय. दलन झाला का नाय इचारायला रोज लावतो आमी. तोच पाठ हाय."

"स्वतःचा नंबर कोणाला पाठ असतो म्याडम?" मागून कोणीतरी म्हणालं. "स्वतःला कोण फोन लावतो?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुंडलिकनेही. त्यालाही त्याचा नंबर पाठ नव्हता.

गर्दीतून दोन तरुण बायका पुढे आल्या. त्यांतली प्रीती लाजत म्हणाली, "वहिनी, सहावा माझा आहे. आणि आठवा हिचा." नयनवहिनीने दोघींच्या पोटाकडे नीट बघून खात्री करून घेतली. मग पिशवीतून एक लुगडं काढून घडी मोडली, पुन्हा घातली आणि पिशवी घरात नेऊन ठेवली. जाता जाता नवऱ्याच्या कपाळावरची ओली घडी मात्र काढून घेतली.

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खाटेच्या कडेवर बसून गुणाजींना समजावलं, "हे बघा, तुमच्या फोनवर आलेला एकही मेसेज तुमचा नाही. ते सगळे या लोकांचे आहेत. मनाला लावून घ्यायचं नाही, अजिबात नाही. समजलं?"

"यकही माझा नाय?"

"एकही नाही."

गुणाजी उठून बसले. रंग परत आला. डॉक्टरांनी जाता जाता म्हणून त्यांचं बीपी घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एकशे अडुसष्ट आणि एकशे चार. "घाबरल्यामुळे असेल. तरी गुरुवारी पुन्हा बघू," ते म्हणाले. मी गुणाजींचं नाव यादीत बेचाळीस नंबरला घातलं. नंबर विचारायची गरज नव्हती.

"सर, आता सगळे इथे आहेतच," मी हळूच म्हटलं. "आजच तपासलं तर? एकवीसच्या वर होतील."

"आज सोमवार आहे. हे लोक दळणाला आलेत, माझ्याकडे नाही. आणि मी आणलंय काय? सलाइन." त्यांचा आवाज थकलेला होता. "गुरुवारी मोजतो. ठरल्याप्रमाणे. नाहीतर समीक्षा, या लोकांना आपली गरज नाही असं समजायचं."

हे गुणाजींनी ऐकलं. "काय मोजताय?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. गुरुवार बंद होणार आहे, एकवीस माणसं हवीत, मेसेजची योजना माझी होती, आणि सकाळी दोनदा फोनही मीच आपटला होता. सांगताना मला रडू आलं. सतरा वर्षांत मी पेशंटांसमोर रडले नव्हते.

गुणाजी खाटेवर उभे राहिले आणि गर्दीकडे वळले. "आयका रे. गुरवारी ज्याच्या कागदावर डॉक्टरची सही, त्याच्याच घरची भाजणी दलून मिलंल. कागूद नाय तं चकली नाय. ज्याला गोळ्या नको त्यानं खडवलीला जाऊन दलावा."

दिवाळी पाच दिवसांवर होती आणि खडवलीच्या गिरणीत भाजणी भरडी निघते हे बेलपाड्यात लहान पोराला ठाऊक आहे.

बुधवारी मी एकच मेसेज लिहिला, फक्त गुणाजींसाठी. बाकीच्यांचं काम त्यांनी घेतलं होतं, पण त्यांच्या स्वतःच्या बीपीची आठवण कोण करणार? डॉक्टरांची नावाची अट पाळली. प्रिय रुग्ण, सोमवारी आपला रक्तदाब वाढलेला आढळला. गुरुवारी न चुकता तपासणीस यावे. उत्तर आलं नाही, पण मी म्हटलं, माणूस कामात असेल.

गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा रांग समाजमंदिरातून निघून पिंपळाला वळसा घालून आली होती. एका हातात केसपेपर, दुसऱ्या हातात भाजणीचा डबा. समोर नयनवहिनी गिरणी चालवत होती आणि सही बघितल्याशिवाय डब्याचं झाकण उघडत नव्हती. डॉक्टरांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा चेहरा कोरा होता. दहा. पंधरा. गंगुबाई अठरावी. एकविसावा माणूस स्टुलावर बसला तेव्हा डॉक्टरांनी त्याचं बीपी दोनदा घेतलं, पहिल्यांदा त्यांना नीट ऐकू आलं नसावं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. कुंडलिक गोळ्या मोजत होता, त्याच्याही हातून पाकीट दोनदा पडलं.

साडेपाचला एकेचाळीस पुरे झाले. एकूण एक. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "पुढच्या गुरुवारी लवकर निघू. दिवाळीत रस्त्याला गर्दी असते." एवढंच. पण कुंडलिकने माझ्याकडे बघून चक्क मान हलवली.

"आणि बेचाळिसावे?" डॉक्टरांनी विचारलं. "गुणाजी कुठे आहेत?"

तेवढ्यात ते दारात आले. घामाघूम झालेले, पायाला चिखल, हातात मोबाइल पुढे धरलेला.

"म्याडम, सगळे आले ना? पन यक मेसेज उरलाय. कालधरनं गाव पालथा घातलाय. बत्तीस घरं झाली, वरची वाडी झाली. कोनीच आपला बोलत नाय. बिचाऱ्याचा बीपी वाढलाय, आनि त्याला पत्ताच नाय."

डॉक्टरांनी स्टूल पुढे सरकवलं. "गुणाजी, बसा जरा इथे."

"नको डॉक्टर, आधी तो गावला पायजे. उगाच काय झाला तं?" असं म्हणून ते नदीकडच्या घरांकडे निघालेसुद्धा. डॉक्टर बीपीचं यंत्र काखेत मारून, लंगडत, त्यांच्या मागे. गुणाजी पुढे दार वाजवत होते, डॉक्टर मागून हाका मारत होते, आणि बाकी सगळं गाव आता डॉक्टरांनाही पेशंट शोधायला मदत करत होतं.

खरं म्हणजे धावत जाऊन मीच सांगायला हवं होतं की तो मेसेज कोणाचा आहे. पण मग तो कोणी लिहिला हेही त्या सगळ्यांसमोर पुन्हा एकदा सांगावं लागलं असतं. म्हणून मी कुंडलिकला पाठवलं.